धर्मगुरू-शिक्षण, कॅथलिक

रोमन कॅथलिक पंथात धर्मगुरूपदाची दीक्षा घेऊ इच्छिणाऱ्या पुरुषांना दीक्षेपूर्वी दिले जाणारे दीर्घकालीन आध्यात्मिक, बौद्धिक व व्यावहारिक शिक्षण. हे शिक्षण ज्या निवासी संस्थेत दिले जाते, तिला सेमिनरी म्हणतात. मूळ लॅटिन शब्द ‘सेमिनारियुम’ असून त्याचा अर्थ रोपवाटिका असा आहे. कोवळी रोपे एका जागी जोपासून नंतर ती शेतात लावावीत, त्याप्रमाणे तरुणांना एकत्र ठेवून, घडवून मग त्यांना धर्मग्रामांत पाठवावे, ही कल्पना या नावामागे आहे. कॅथलिक पंथात डीकन, धर्मगुरू व बिशप अशा दीक्षेच्या तीन पायऱ्या असून प्रस्तुत नोंदीत मुख्यतः दुसऱ्या पायरीपर्यंतच्या तयारीचा विचार केला आहे.

धर्मगुरू हा केवळ उपासना चालविणारा पुरोहित नव्हे. मिस्सा अर्पण करणे, पापनिवेदन ऐकून क्षमा देणे, स्नानसंस्कार, विवाह व अंत्यविधी पार पाडणे, प्रवचन करणे, धर्मग्रामाची व्यवस्था पाहणे आणि लोकांच्या अडीअडचणींत मार्गदर्शन करणे, ही सर्व कामे त्याच्याकडे असतात. हे पद वंशपरंपरेने मिळत नाही. लॅटिन विधीच्या धर्मगुरूंना ब्रह्मचर्य बंधनकारक असल्यामुळे पित्याकडून पुत्राकडे विद्या जाण्याचा मार्गही येथे नाही. परिणामतः प्रत्येक पिढीत नव्याने उमेदवार शोधणे, त्यांची पारख करणे व त्यांना शिकविणे भाग पडते. सेमिनरी-संस्थेला कॅथलिक पंथात जे असाधारण महत्त्व आहे, त्याचे कारण हेच होय.

ऐतिहासिक विकास : आरंभीच्या शतकांत धर्मगुरूंसाठी स्वतंत्र विद्यालये नव्हती. उमेदवार बिशपच्या सान्निध्यात राहून, खालच्या पदांवर सेवा करीत शिकत असे. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथे सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने आपल्या धर्मगुरूंसह सामुदायिक जीवन आरंभिले. पुढील काळात हा आदर्श वारंवार डोळ्यांपुढे ठेवण्यात आला. स्पेनमधील टोलेडो येथील दुसऱ्या धर्मपरिषदेने (५२७) आईवडिलांनी चर्चच्या सेवेसाठी अर्पण केलेल्या मुलांना बिशपच्या देखरेखीखाली शिक्षण द्यावे आणि वयाच्या अठराव्या वर्षी त्यांना विवाह करावयाचा की ब्रह्मचर्य पाळावयाचे, हे सर्वांसमक्ष विचारावे, असा नियम केला. उमेदवाराच्या स्वेच्छेचे तत्त्व इतक्या जुन्या काळी मान्य झाले होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

मध्ययुगात मठांतील शाळा व कॅथीड्रल-शाळा यांनी हे कार्य केले. तिसऱ्या लॅटरन परिषदेने (११७९) प्रत्येक कॅथीड्रलमध्ये धर्मसेवक व गरीब विद्यार्थी यांना विनामूल्य शिकविण्यासाठी एक शिक्षक नेमावा व त्याच्या निर्वाहाची सोय करावी, असा आदेश दिला. तेराव्या शतकापासून पॅरिससारख्या विद्यापीठांत ईश्वरविद्येचा अभ्यास भरभराटीस आला. तथापि त्याचा लाभ थोड्यांनाच मिळे. बहुसंख्य ग्रामीण धर्मगुरू एखाद्या वडीलधाऱ्या धर्मगुरूच्या हाताखाली उपासनाविधी शिकत आणि जेमतेम लॅटिन येताच दीक्षा घेत. धर्मगुरूंचे अज्ञान व त्यांच्यापैकी काहींचे शिथिल आचरण हे सोळाव्या शतकातील धर्मसुधारणा आंदोलनाच्या टीकेचे एक प्रमुख लक्ष्य होते.

या टीकेला उत्तर म्हणून ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (१५४५–६३) आपल्या तेविसाव्या अधिवेशनात, १५ जुलै १५६३ रोजी, सेमिनरीविषयक आदेश संमत केला. त्यानुसार प्रत्येक बिशपने आपल्या धर्मप्रांतात एक विद्यालय स्थापन करावयाचे होते. त्यात किमान बारा वर्षांच्या, औरस व लिहिता-वाचता येणाऱ्या मुलांना प्रवेश द्यावा. गरिबांच्या मुलांना प्राधान्य द्यावे, श्रीमंतांची मुले मात्र स्वखर्चाने राहावीत. व्याकरण, धर्मगीतगायन, सणांची कालगणना, बायबल, संतांची प्रवचने व संस्कारविधी हे विषय शिकवावेत. आणि खर्चासाठी धर्मप्रांतातील उत्पन्नांवर कर बसवावा, अशी तपशीलवार तरतूद त्यात होती. मिलानचा आर्चबिशप चार्ल्स बॉरोमीओ (१५३८–८४) याने या आदेशाची अंमलबजावणी विशेष तत्परतेने केली. नागपूरच्या सेमिनरीला त्याचेच नाव दिलेले आहे.

पैशाची टंचाई, युद्धे आणि स्थानिक विरोध यांमुळे अनेक देशांत हा आदेश दीर्घकाळ कागदावरच राहिला. फ्रान्समध्ये तो प्रत्यक्षात आला तो सतराव्या शतकात. व्हिन्सेंट द पॉल, झां-झाक ऑल्ये व झां यूद या धर्मगुरूंनी तेथे सेमिनरी स्थापन केल्या. लहान मुले व दीक्षेच्या उंबरठ्यावरील तरुण यांना एकत्र शिकविणे सोयीचे नाही, असा अनुभव आल्याने ‘लघू’ व ‘महा’ असे सेमिनरीचे दोन भाग पडले. ऑल्ये याने स्थापिलेल्या सँ-स्यूल्पीस संस्थेच्या पद्धतीत अध्यापक विद्यार्थ्यांसमवेतच राहत आणि ध्यान व आत्मपरीक्षण यांवर विद्येइतकाच भर असे. ही पद्धती पुढे अनेक देशांत प्रमाण मानली गेली.

पोप तेरावा लिओ याने १८७९ मध्ये परिपत्र काढून सेंट टॉमस अक्वाय्नस याच्या तत्त्वज्ञानास कॅथलिक शिक्षणात मध्यवर्ती स्थान दिले. १९१७ च्या धर्मविधिसंहितेने तत्त्वज्ञानासाठी किमान दोन व ईश्वरविद्येसाठी किमान चार वर्षे ठरवून दिली. या काळातील सेमिनरी ही बाह्य जगापासून कटाक्षाने अलग ठेवलेली संस्था होती. अध्यापन लॅटिनमधून चाले, पत्रव्यवहारावर देखरेख असे आणि सुटीतही विद्यार्थ्याच्या वर्तनाचा अहवाल मागविला जाई.

दुसरी व्हॅटिकन परिषद व नंतर : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) २८ ऑक्टोबर १९६५ रोजी धर्मगुरूंच्या शिक्षणासंबंधी स्वतंत्र आदेशपत्र प्रसिद्ध केले. प्रत्येक देशाने किंवा विधीने आपल्या परिस्थितीस अनुरूप शिक्षणक्रम आखावा, बायबलचा अभ्यास हा ईश्वरविद्येचा जणू आत्मा समजावा, तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या यांची सांगड घालावी आणि इतर धर्मांचा परिचय करून द्यावा, असे त्यात प्रतिपादन केले होते. लॅटिनची जागा हळूहळू देशी भाषांनी व इंग्रजीने घेतली. सहाव्या पॉलने १९७२ मध्ये मुंडनविधी, द्वारपाल इ. कनिष्ठ दीक्षा आणि उपडीकनपद रद्द करून वाचक व वेदिसेवक ही दोनच सेवापदे ठेवली. २०२१ मध्ये ही दोन्ही सेवापदे स्त्रियांनाही खुली झाली. तथापि दीक्षित पद पुरुषांपुरतेच मर्यादित आहे व ही मर्यादा बदलण्याचा अधिकार चर्चला नाही, असे दुसऱ्या जॉन पॉलने १९९४ मध्ये जाहीर केले होते.

याच पोपने १९९२ मध्ये काढलेल्या पत्रात धर्मगुरूच्या जडणघडणीची चार अंगे सांगितली : मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक व लोकसेवाविषयक. यांपैकी मानवी अंग हा उरलेल्यांचा पाया होय. जो माणूस म्हणून प्रगल्भ नाही, तो धर्मगुरू म्हणूनही यशस्वी होणार नाही, हा त्यातील आशय. ८ डिसेंबर २०१६ रोजी व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेला मूलभूत शिक्षणक्रम याच चतुःसूत्रीवर आधारलेला आहे.

शिक्षणाचे टप्पे : १९८३ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणे तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या यांसाठी मिळून किमान सहा पूर्ण वर्षे आवश्यक आहेत. २०१६ च्या शिक्षणक्रमात पुढील चार टप्पे आहेत : (१) पूर्वतयारी : हा काळ एक ते दोन वर्षांचा असतो. प्रार्थनेची सवय, ख्रिस्ती तत्त्वांची उजळणी व स्वतःच्या ओढीची पारख यांसाठी तो राखून ठेवलेला असतो. (२) शिष्यत्व : हा तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाचा, किमान दोन वर्षांचा टप्पा. तर्कशास्त्र, सत्ताशास्त्र, ज्ञानमीमांसा, नीतिशास्त्र, तत्त्वज्ञानाचा इतिहास व मानसशास्त्र यांसारखे विषय यात येतात. (३) ख्रिस्तसादृश्य : हा ईश्वरविद्येचा, किमान चार वर्षांचा टप्पा. बायबल, सिद्धांतविद्या, नैतिक ईश्वरविद्या, उपासनाशास्त्र, चर्चचा इतिहास, धर्मविधी, प्रवचनकला इ. विषय शिकविले जातात. (४) समन्वय : सेमिनरीबाहेर, बहुधा धर्मग्रामात, अनुभवी धर्मगुरूच्या देखरेखीखाली काम करण्याचा हा टप्पा असून त्याच्या आरंभी वा ओघात डीकनपदाची दीक्षा मिळते.

भारतात उमेदवार सामान्यतः शालान्त किंवा उच्च माध्यमिक परीक्षेनंतर प्रवेश घेतो. पुष्कळ ठिकाणी तत्त्वज्ञानासोबत विद्यापीठाची पदवीही घेतली जाते आणि तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या यांच्या दरम्यान एखादे वर्ष शाळेत, वसतिगृहात किंवा ग्रामीण केंद्रात काम करण्यासाठी दिले जाते. त्यामुळे प्रवेशापासून दीक्षेपर्यंत बहुधा आठ ते बारा वर्षे लागतात.

धर्मप्रांतीय व संघीय धर्मगुरू यांच्या तयारीत काही भेद आहेत. पहिला एका बिशपच्या अधिकारात राहून धर्मग्रामांत सेवा करतो. तो ब्रह्मचर्य व आज्ञापालन यांचे वचन देतो. परंतु दारिद्र्याचे व्रत घेत नाही. दुसरा जेझुइट, फ्रान्सिस्कन, सालेशियन यांसारख्या संघाचा सदस्य असतो. त्याला प्रथम नवशिष्यत्वाचा काळ पुरा करून दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही तीन व्रते घ्यावी लागतात. जेझुइट संघात हा काळ दोन वर्षांचा असून दीक्षेनंतर पुन्हा आध्यात्मिक साधनेचा एक स्वतंत्र कालखंड असतो.

सेमिनरीतील जीवन : दिनक्रमात प्रातःप्रार्थना, ध्यान, मिस्सा, तासिका, स्वाध्याय, खेळ, अंगमेहनत, सायंप्रार्थना व रात्रीचे मौन यांचा समावेश होतो. आठवड्यातील ठराविक दिवशी विद्यार्थी धर्मग्राम, रुग्णालय, कारागृह किंवा झोपडपट्टी अशा ठिकाणी जातात. व्यवस्था रेक्टरकडे असते. आध्यात्मिक मार्गदर्शक हा मात्र रेक्टरहून वेगळा असतो. या विभाजनाला विशेष अर्थ आहे. विद्यार्थ्याने मार्गदर्शकाजवळ किंवा पापनिवेदनात सांगितलेली गोष्ट गुप्त राहते आणि त्याला दीक्षा द्यावी की नाही, याचा निर्णय करताना मार्गदर्शकाचे वा पापनिवेदन ऐकणाऱ्याचे मत विचारण्यास धर्मविधिसंहितेने मनाई केली आहे. मन मोकळे करण्याचे स्थान आणि पारख करण्याचे स्थान एक असू नये, हे त्यामागील सूत्र होय.

पारख दोन्ही बाजूंनी चालते. संस्था उमेदवाराचे आरोग्य, स्वभाव, बुद्धी व हेतू तपासते. उमेदवारही हे जीवन आपल्याला पेलेल काय, याचा शोध घेतो. प्रवेश घेणाऱ्यांपैकी पुष्कळजण मध्येच बाहेर पडतात. दीक्षेपूर्वी उमेदवाराला आपण स्वेच्छेने व कर्तव्यांची पूर्ण जाणीव ठेवून हे पद घेत आहोत, असे स्वहस्ताक्षरात लिहून द्यावे लागते. कोणासही दीक्षेची सक्ती करणे अथवा योग्य उमेदवारास ती घेण्यापासून परावृत्त करणे निषिद्ध आहे. सेमिनरी सोडणाऱ्याकडे समाजात कधीकधी अपयशी म्हणून पाहिले जाते. वस्तुतः अशी निवड मोकळेपणाने करता यावी, यासाठीच हा प्रदीर्घ कालावधी ठेवलेला आहे.

दीक्षाविधी : डीकनपदासाठी किमान वय २३ वर्षे व धर्मगुरूपदासाठी २५ वर्षे असून दोहोंमध्ये किमान सहा महिन्यांचे अंतर लागते. ब्रह्मचर्याचे वचन डीकनपदाच्या दीक्षेच्या वेळीच दिले जाते. प्रत्येक दीक्षेपूर्वी उमेदवाराने किमान पाच दिवस एकांतात साधना करावयाची असते. दीक्षाविधी बिशपच्या हस्ते मिस्सामध्ये होतो. उमेदवार बिशपपुढे आज्ञापालनाचे वचन देऊन जमिनीवर पालथा पडून राहतो आणि सभाजन संतांची नामावळी गातात. नंतर बिशप व पाठोपाठ उपस्थित धर्मगुरू मौनपूर्वक त्याच्या मस्तकावर हात ठेवतात. हस्तस्पर्श व त्यानंतरची बिशपची दीक्षाप्रार्थना हा विधीचा गाभा होय. त्यानंतर त्याला धर्मगुरूची वस्त्रे चढवितात, तळहातांना अभ्यंगतेल लावतात व भाकर आणि द्राक्षारस यांची पात्रे हाती देतात. नवदीक्षिताने आपल्या गावी अर्पण केलेली पहिली मिस्सा हा गोवा व वसई या भागांत सबंध गावाचा उत्सव असतो.

भारतातील परंपरा : केरळमधील सेंट टॉमस ख्रिस्ती समाजात धर्मगुरूंच्या शिक्षणाची परंपरा पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वीची आहे. तेथे ‘मल्पान’ म्हणजे विद्वान गुरू आपल्या निवासस्थानी शिष्यांना सिरियाक भाषा व उपासनाविधी शिकवी. ही पद्धती गुरुकुलाशी मिळतीजुळती होती. एकोणिसाव्या शतकात पालक्कल तोमा मल्पान व त्यांचे शिष्य कुरियाकोस एलियास चावरा (१८०५–७१) यांनी मन्नानम येथे सेमिनरी चालवून या परंपरेस संस्थात्मक रूप दिले.

गोव्यात १५४१ मध्ये ‘सांता फे’ या नावाने एक विद्यालय सुरू करण्यात आले. ट्रेंटच्या आदेशाच्या दोन दशके आधीची ही गोष्ट आहे. आशियातील विविध भाषिक मुलांना शिकवून त्यांच्या देशांत धर्मप्रसारासाठी पाठवावे, असा त्यामागील हेतू होता. ही संस्था पुढे जेझुइटांकडे आली व सेंट पॉल कॉलेज म्हणून प्रसिद्धी पावली. १५५६ मध्ये भारतातील पहिले मुद्रणयंत्र येथेच आले. साष्टीतील राशोल येथे जेझुइटांनी सतराव्या शतकाच्या प्रारंभी कॉलेज उभारले. त्याचे प्रमुखपद भूषविणारा इंग्रज जेझुइट थॉमस स्टीव्हन्स (१५४९–१६१९) याचे क्रिस्तपुराण हे ओवीबद्ध मराठी काव्य १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. १७५९ मध्ये पोर्तुगीज सत्तेने जेझुइटांना हद्दपार केल्यानंतर राशोलचे रूपांतर धर्मप्रांतीय सेमिनरीत झाले. गोव्यातील धर्मगुरूंच्या अनेक पिढ्या येथे घडल्या. एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य अभिजात विद्येचे ते गोव्यातील एक प्रमुख केंद्र होते.

शिक्षण मिळाले, तरी समान अधिकार मिळाला नाही, हा या इतिहासाचा दुसरा भाग आहे. पोर्तुगीज अमलात युरोपीय संन्यस्त संघ स्थानिकांना सहसा प्रवेश देत नसत आणि स्थानिक धर्मगुरूंना दुय्यम कामे दिली जात. दिवाडी बेटावर जन्मलेल्या मातेउश द कास्त्रो याला गोव्यात दीक्षा नाकारण्यात आली. तो रोमला गेला, तेथे शिकून त्याने दीक्षा घेतली व १६३७ मध्ये तो बिशप झाला. लॅटिन विधीचा तो पहिला भारतीय बिशप होय. गोव्यातील पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी त्याचा अधिकार मानला नाही आणि त्याला आदिलशाही मुलखातील डिचोली येथे राहून काम करावे लागले. जोसेफ वाझ (१६५१–१७११) याने गोव्यातील धर्मगुरूंचा स्वतंत्र संघ संघटित करून डच सत्तेखालील श्रीलंकेत गुप्तपणे कार्य केले. २०१५ मध्ये त्यास संतपद देण्यात आले. १७८७ च्या ‘पिंटोंच्या कटा’त स्थानिक धर्मगुरू अग्रभागी होते. उच्चपदांच्या बाबतीत डावलले गेल्याचा असंतोष हे त्याचे एक महत्त्वाचे कारण होते. मात्र स्थानिकांतही धर्मगुरूपद प्रदीर्घ काळ मुख्यतः ब्राह्मण व चारडो या उच्च मानलेल्या जातींतील कुटुंबांकडेच राहिले.

पोप तेरावा लिओ याने १८९३ मध्ये भारतीय उपखंडासाठी कँडी (श्रीलंका) येथे पोपच्या अधिकारातील सेमिनरी स्थापन केली. परदेशी धर्मोपदेशकांची संख्या अपुरी असते, त्यांना देशी भाषा व चालीरीती यांचे ज्ञान बेताचेच असते आणि राजकीय उलथापालथीत त्यांना देश सोडावा लागला, तर ख्रिस्ती समाज निराधार होईल, अशी कारणे त्याने आपल्या परिपत्रात दिली होती. ही संस्था १९५५ मध्ये पुण्यास हलविण्यात आली. पुण्यातील जेझुइटांच्या डी नोबिली कॉलेजात रिचर्ड डी स्मेट (१९१६–९७) या बेल्जियन अभ्यासकाने शांकर वेदान्ताचे अध्यापन व संशोधन केले. ज्ञानदीप विद्यापीठ या नावाने ओळखल्या गेलेल्या तेथील विद्याकेंद्रात पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाबरोबर भारतीय दर्शनेही शिकविली जातात. गोरेगाव (मुंबई) येथील सेंट पायस कॉलेज व नागपूर येथील सेंट चार्ल्स सेमिनरी ही महाराष्ट्रातील इतर प्रमुख केंद्रे होत. नागपूरच्या ‘सेमिनरी हिल्स’ या वस्तीचे नाव तेथील सेमिनरीवरूनच पडले आहे. वसई परिसरातील धर्मगुरूंनी मराठी साहित्यातही भर घातली. सुबोध बायबलचे कर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४) हे उस्मानाबाद येथील २०२० च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

आधुनिक समस्या : बंदिस्त वातावरणात वाढलेला तरुण सामान्य माणसांचे प्रश्न कसे समजून घेईल, हा आक्षेप जुना आहे. अगदी लहान वयात प्रवेश देण्याची पद्धत अनेक देशांत मागे पडली, त्यामागे हेही एक कारण आहे. काही धर्मगुरूंनी केलेल्या बाललैंगिक अत्याचारांची व वरिष्ठांनी ती दडविल्याची प्रकरणे २००२ पासून अमेरिकेत व नंतर इतर देशांत मोठ्या प्रमाणावर उघडकीस आली. त्यामुळे उमेदवारांच्या निवडीवर व मानसिक प्रगल्भतेवर अधिक लक्ष केंद्रित झाले. २००८ मध्ये व्हॅटिकनने मानसशास्त्रज्ञांच्या साहाय्याविषयी मार्गदर्शक सूत्रे दिली. २०१६ च्या शिक्षणक्रमात बालसंरक्षणाचा विषय समाविष्ट आहे, तसेच स्त्रियांनी सेमिनरीच्या शिक्षणात सहभागी होण्याचे महत्त्वही सांगितले आहे.

ब्रह्मचर्याचा नियम हा सिद्धांत नसून शिस्तीचा भाग आहे. पौर्वात्य विधीच्या अनेक कॅथलिक चर्चमध्ये विवाहित पुरुषांना दीक्षा मिळते आणि अँग्लिकन पंथातून आलेल्या काही विवाहित धर्मोपदेशकांनाही ती देण्यात आली आहे. ॲमेझॉन खोऱ्यातील धर्मगुरूंच्या तुटवड्यामुळे तेथील विवाहित डीकनांना दीक्षा द्यावी, अशी सूचना २०१९ च्या बिशप परिषदेत पुढे आली. परंतु पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या आपल्या पत्रात ती स्वीकारली नाही.

महासेमिनरींतील विद्यार्थ्यांची जागतिक संख्या २०११ मध्ये सु. १ लाख २० हजार होती. २०२३ मध्ये ती सु. १ लाख ६ हजारांपर्यंत उतरली. यूरोपातील घट सर्वांत ठळक असून आफ्रिकेतील संख्या वाढत आहे. एके काळी यूरोपातून धर्मोपदेशक स्वीकारणारा भारत आता यूरोप-अमेरिकेतील धर्मग्रामांना धर्मगुरू पुरवितो. देशांतर्गत पातळीवर मात्र समान संधीचा प्रश्न शिल्लक आहे. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करून चर्चच्या नेतृत्वात दलितांचे प्रमाण अल्प असल्याचे मान्य केले. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे २०२२ मध्ये कार्डिनल झाले. दलित समाजातून त्या पदावर पोहोचलेले ते पहिले होत. ट्रेंटच्या परिषदेने गरिबांच्या मुलांना प्राधान्य देण्याचा जो नियम केला होता, त्याचा आशय भारतात कितपत उतरतो, हे सेमिनरींच्या प्रवेशनीतीवर व तेथून बाहेर पडणाऱ्यांना मिळणाऱ्या पदांवर अवलंबून राहील.